जंगल कुणी राखले?

चिपको आंदोलनावर प्रश्न घातला की आमच्या बी. ए.च्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत दोन नावे ठरलेली असतात : सुंदरलाल बहुगुणा आणि चंडीप्रसाद भट्ट. त्यानंतर एक वाक्य येते : ‘या आंदोलनात स्त्रियांचाही मोठ्या प्रमाणावर सहभाग होता.’ विद्यार्थ्यांचा यात दोष नाही. त्यांच्या पुस्तकात तसेच छापलेले असते. पण या वाक्यातल्या ‘ही’पाशी मी दरवर्षी अडतो. स्वातंत्र्यलढ्यात दलितांचाही सहभाग होता, गिरणी कामगारांच्या लढ्यात अस्पृश्य कामगारांचाही सहभाग होता, संतपरंपरेत शूद्रातिशूद्रांचेही योगदान होते : हा ‘ही’ आपल्या चांगला ओळखीचा आहे. ज्यांच्या नावाला तो चिकटतो ते त्या इतिहासाच्या घरात पाहुणे असतात. पंगतीला बसवून घेतले म्हणून त्यांनी आभार मानायचे असतात.

बहुगुणा आणि भट्ट यांच्याविषयी मला अनादर नाही. दोघांनी आयुष्य वेचले, डोंगर पायी तुडवले. परंतु २६ मार्च १९७४ रोजी रेणी गावच्या जंगलात जे घडले तिथे या दोघांपैकी कुणीही नव्हते. गावातला एकही कर्ता पुरुष नव्हता. तिथे होत्या बाया आणि पोरी. म्हणजे ज्या घटनेमुळे हे आंदोलन जगाला माहीत झाले तिच्यात ‘सहभाग’ घ्यायला दुसरे कुणी हजरच नव्हते.

या नियतकालिकात हा विषय कशासाठी, असे काही कार्यकर्ते विचारतील. जंगल, झाडे, पर्यावरण ही पोट भरलेल्यांची चिंता, असे आपल्यात बोलले जाते आणि त्यामागे कारण आहे. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या ही त्यांची मागणी होती. कडेवर लेकरे घेऊन बाया तुरुंगात गेल्या. अशी कसलेली जमीन पुढे ‘वनविभागाचे अतिक्रमण’ ठरली आणि तिच्यावरून आमची माणसे उठवली गेली, तेव्हा झाडांचा कैवार घेऊन बोलणारे लोक कुणाच्या बाजूला उभे होते हे आपण पाहिलेले आहे. तेव्हा संशय रास्त आहे. पण त्या संशयापोटी जंगलाचा प्रश्नच परक्यांच्या हवाली करायचा काय? जोतीरावांनी तो केला नव्हता. १८८३ सालच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी फॉरेस्ट खात्यावर कोरडे ओढले आहेत. या खात्याने डोंगर, दऱ्या, गायराने घशात घातली. रानातली फळे, पाने, मोहाची फुले आणि दोनचार शेरडे यांवर तगणाऱ्या गरिबाचे जगणे मोडले, हा त्यांचा आरोप आहे. सरकारचा जंगलाचा कायदा १८७८ चा. म्हणजे कायदा होऊन पाच वर्षे झाली नाहीत तोवर त्याचा मार कुणाच्या पाठीवर बसतो हे जोतीरावांनी लिहून ठेवले होते. ही आपली परंपरा आहे. ती कुणाकडून उसनी आणावी लागत नाही.

इंग्रजांनी हिमालयातल्या जंगलांवर हात टाकला तो आगगाडीच्या रुळांखालच्या स्लीपरांसाठी. देवदार, चीड आणि पायथ्याचे साल पडले. जिथे बांज होता, म्हणजे पहाडी ओक, तिथे चीड वाढवणे खात्याला सोयीचे वाटले, कारण चिडाला लाकूड आहे आणि राळ आहे. बांजाला बाजारात भाव नाही. मात्र त्याचा पाला गुरे खातात, त्याच्या मुळाशी पाणी धरून राहते, त्याचा पालापाचोळा कुजून शेताला खत होतो. चिडाच्या सुया गुरे तोंडात धरत नाहीत. कोणते झाड उपयोगाचे, या प्रश्नाला दोन उत्तरे होती : एक खात्याच्या वहीतले, एक डोक्यावर भारा वाहणारीचे. १९२१ मध्ये कुमाऊँच्या लोकांनी सरकारी जंगले पेटवून दिली. टिहरी संस्थानात ३० मे १९३० रोजी तिलाडी येथे जमलेल्या लोकांवर राजाच्या दिवाणाने गोळ्या चालवल्या. दोन्ही ठिकाणी भांडणाचे मूळ हेच होते. स्वातंत्र्य आले तरी खात्याची वही बदलली नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर सीमेकडे सडका झाल्या आणि त्या सडकांवरून ठेकेदारांचे ट्रक अशा खोऱ्यांत पोचले जिथे पूर्वी खेचर कष्टाने जाई.

२० जुलै १९७० ला अलकनंदेला पूर आला. गावे, पूल, बसगाड्या वाहून गेल्या. मैदानातला गंगेचा कालवा गाळाने भरला. कड्यावरचे जंगल तोडले की खालच्या घरावर दरड येते, हे ज्ञान डोंगरातल्या लोकांना त्या रात्री नव्याने झाले असे नाही. पण त्या पुरानंतर ते मोठ्याने बोलू लागले. गोपेश्वरला १९६४ पासून दशोली ग्राम स्वराज्य संघ ही संस्था काम करीत होती. जंगलातले काम स्थानिकांना मिळावे, लहान कारखाने निघावेत, अशी तिची खटपट होती. संस्थेने शेतीची अवजारे बनवण्यासाठी अंगू नावाच्या झाडांची मागणी केली. हे लाकूड हलके आणि चिवट असते. वनखात्याने नकार दिला आणि तीच झाडे अलाहाबादच्या सायमंड्स कंपनीला खेळाचे सामान करायला दिली. नांगराला लाकूड नाही, रॅकेटला आहे. एप्रिल १९७३ मध्ये मंडल गावी लोक जमले आणि कंपनीची माणसे झाडे न तोडता परत गेली. झाडाला मिठी मारायची ही कल्पना त्याच सुमाराची. मिठीला गढवालीत ‘अंग्वाल’ म्हणतात. ‘चिपको’ हा शब्द हिंदी वर्तमानपत्रांना सोपा गेला.

इथे थोडे थांबून दोन गोष्टी विचारतो, कारण चिपकोवरच्या पुस्तकांत मला त्या विचारलेल्या आढळल्या नाहीत.

पहिली ढोलाची. मंडलला लोक ढोल वाजवीत आले, असे सगळे लेखक उत्साहाने लिहितात. गढवालात ढोल-दमाऊ कोण वाजवतो? औजी, दास, बाजगी या नावांनी ओळखले जाणारे लोक. ते अस्पृश्य आहेत. लग्नात, जत्रेत, देवाच्या पालखीपुढे त्यांचे वाजणे लागते. देवळाचा उंबरा मात्र त्यांच्यासाठी नाही. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे हलगी कुणाच्या गळ्यात होती आणि वाजवणाऱ्याला भाकर कुठून फेकली जाई हे आपल्याला ठाऊक आहे. आंदोलनाच्या इतिहासात ढोलाचा आवाज आला, ढोल वाजवणारा आला नाही.

दुसरी नांगराची. ज्या लाकडावरून भांडण पेटले ते नांगर-जुवाचे लाकूड. पहाडात बाई शेतातले सगळे करते. निंदते, कापते, खताच्या टोपल्या वाहते, मळते. पण नांगराला तिने हात लावायचा नाही असा दंडक. उच्चवर्णीय ब्राह्मणही नांगर धरीत नाही. त्याला विटाळ होतो. मग कुमाऊँच्या गावागावांत नांगर धरायला ‘हलिया’ असे. कर्जापोटी मालकाच्या शेतात राबणारा, बहुधा शिल्पकार जातीचा. शिल्पकार हे तिथल्या लोहार, ओड, टम्टा वगैरे अस्पृश्य जातींनी आपल्या चळवळीतून घेतलेले नाव. नांगराचा फाळ ठोकणारे तेच. म्हणजे चिपकोची पहिली मागणी ज्या अवजाराची होती ते ज्यांच्या हातांनी घडे आणि ज्यांच्या हातांनी चाले, त्यांची नावे चिपकोच्या नामावळीत सापडत नाहीत. ‘गावकरी’ हा शब्द इतिहासकाराला फार सोयीचा आहे. त्याच्या पोटात सगळे मावते.

आता रेणी. जोशीमठच्या पुढे, ऋषिगंगा जिथे धौलीगंगेला मिळते तिथले हे गाव. १९७४ च्या जानेवारीत या गावच्या वरच्या जंगलातल्या सुमारे २५०० झाडांचा लिलाव डेहराडूनला झाला. जोशीमठचे कम्युनिस्ट कार्यकर्ते गोविंदसिंग रावत यांनी गावोगाव फिरून लोकांना सावध केले होते. (त्यांचेही नाव आता मागे पडले आहे, लाल रंग हिरव्यात मिसळला की दिसेनासा होतो.) गाव तयार आहे हे सरकारलाही माहीत होते. मग तोडीच्या दिवशी काय झाले? १९६२ नंतर लष्कराने घेतलेल्या जमिनींची नुकसानभरपाई इतकी वर्षे रखडली होती. ती घ्यायला या म्हणून नेमके तेव्हाच रेणीच्या पुरुषांना चमोलीला बोलावणे आले. चंडीप्रसाद भट्टांना वनखात्याच्या अधिकाऱ्यांनी गोपेश्वरला बोलण्यांत गुंतवून ठेवले. गाव रिकामे झाले, असा हिशोब होता. त्या हिशोबात बाया धरलेल्याच नव्हत्या.

मजुरांची रांग जंगलाकडे जाताना एका लहान मुलीने पाहिली. ती धावत गौरादेवीकडे गेली.

गौरादेवी गावच्या महिला मंगल दलाची प्रमुख. तिचा जन्म १९२५ चा, जवळच्या लाता गावातला. शाळा पाहिलेली नाही. ऐन विशीत, लहान मूल पदरात असताना विधवा झाली. तिचा समाज तोल्छा भोटियांचा. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिबेटशी लोकर-मिठाचा व्यापार करीत. १९६२ ला सीमा बंद झाली आणि तो व्यापार मेला. मग मेंढ्या, थोडी शेती आणि जंगल एवढेच उरले. १९६७ साली भोटियांची नोंद अनुसूचित जमातींत झाली. गौरादेवीला ‘पहाडी ग्रामीण महिला’ म्हणणाऱ्या लेखांत ही नोंद नसते. ती आदिवासी होती हे सांगितले तर काय बिघडते? माझ्या मते बरेच बिघडते. मग ‘भारतीय नारीचे निसर्गप्रेम’ या मथळ्याखाली तिला बसवता येत नाही. मग तिच्या व्यापाराचे काय झाले, तिच्या जमिनीवर छावणी कुणी बांधली, भरपाई इतकी वर्षे का अडली, असे प्रश्न तिच्यामागोमाग येतात.

ती हातातले काम टाकून निघाली. बरोबर २७ बाया आणि मुली. वर मजूर स्वयंपाकाच्या तयारीत होते. गौरादेवी त्यांच्याशी भाऊ म्हणून बोलली. हे जंगल आमचे माहेर आहे, ते तुटले तर दरड आमच्या घरांवर येईल; तुम्ही जेवून घ्या आणि आमच्याबरोबर खाली चला, आमची माणसे आली म्हणजे काय ते बोलू, असे तिचे सांगणे होते. ठेकेदाराची आणि खात्याची माणसे मात्र चिडली. शिव्या झाल्या, धमक्या झाल्या. दारू प्यालेल्या एकाने बंदूक रोखली. तिने त्याच्यासमोर छाती पुढे केली आणि मार म्हणाली. मजूर मागे सरले. वाटेत एका तुटलेल्या जागी टाकलेला सिमेंटचा तुकडा होता; बायांनी तो ढकलून दिला, म्हणजे वर जायची वाट बंद. मग रात्रभर बाया तिथे बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुरुष परत आले तेव्हा जंगल उभे होते.

या प्रसंगातले मजुरांशी झालेले बोलणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कुऱ्हाड चालवणारा आपला शत्रू नाही हे तिला कुणी शिकवले नव्हते. तो पोटासाठी आला आहे, त्याला जेवू द्यावे, मग परत पाठवावे. ज्यांना आपण वर्गजाणीव म्हणतो ती पुष्कळदा शिबिरांतून येते. इथे ती भूक काय असते हे माहीत असण्यातून आलेली आहे.

आणि ‘माहेर’ हा शब्द. (तिच्या बोलीत ‘मायका’.) यावर भाबडे लिखाण खूप झाले. माहेर म्हणजे माया, जिव्हाळा वगैरे. पण सासुरवाशिणीला माहेर कशासाठी लागते? सासरी उपाशी ठेवले तर दोन घास कुठे मिळतील, अंगावर हात टाकला तर कुठे जाता येईल, याची ती जागा असते. जिला जमीन नावावर नाही, घर नावावर नाही, जिचा नवरा मेला आहे, तिला कुणाला न विचारता जिथून पाला, सरपण, कंदमुळे आणता येतात अशी एकच जागा आहे. माहेर म्हणण्यात हक्काचा दावा आहे. त्या बायांनी तो ठेकेदारासमोर केला आणि सरकारसमोरही.

माझी माय मोळ्या विकायची. पहाटे चारला उठून, चुंबळ आणि कुऱ्हाड घेऊन चारचौघींबरोबर रानात जायची आणि दुपारी तालुक्याच्या हॉटेलवाल्यांच्या दारात मोळी टाकायची. नाकेदार भेटला की कुऱ्हाड जप्त. ती सोडवायला मोळीच्या दुप्पट पैसे. कधी पैसे नसले की तो दुसरे काही बोलायचा आणि बाया लुगड्याचा पदर दातात धरून खाली मान घालून उभ्या राहायच्या. हे मला पुष्कळ मोठा झाल्यावर, प्राध्यापक झाल्यावर, तिच्या एका मैत्रिणीने सांगितले. माय बोलली नाही. त्याच रानातून रात्री सागाचे ट्रक जात. ते कुणी अडवलेले तिला आठवत नाही. तिने कधी हिरवे झाड तोडले नाही. वाळलेली फांदी कुठली आणि वाळल्यासारखी दिसणारी कुठली हे ती लांबून ओळखी. सरकारी कागदात ती जंगलाचा नाश करणारी होती. जंगल राखण्याचा इतिहास लिहिताना मी गौरादेवीच्या शेजारी तिला बसवतो, कारण दोघींना जंगलाची गरज एकाच प्रकारची होती. एकीच्या पाठीशी गाव होते, संघटना होती. दुसरीच्या पाठीशी कुणी नव्हते. फरक एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

रेणीनंतर उत्तर प्रदेश सरकारला समिती नेमावी लागली. वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार तिचे अध्यक्ष. समितीने बायांचे म्हणणे खरे ठरवले आणि ऋषिगंगा व वरच्या अलकनंदेच्या सुमारे १२०० चौरस किलोमीटर पाणलोटात दहा वर्षे तोडबंदी आली. निरक्षर बाईने सांगितलेली गोष्ट शास्त्रज्ञाने लिहिली की ती खरी होते. असो. पुढे १९७७ ला हेंवल खोऱ्यात अडवाणी गावी बचनीदेवी उभी राहिली. तोडीचे काम घेणाऱ्यांत तिचा स्वतःचा नवरा होता. बायांनी झाडांना राख्या बांधल्या.

पण माझ्या दृष्टीने रेणीइतकेच मोलाचे गाव डुंगरी-पैंतोली. चमोली जिल्ह्यातलेच. १९८० च्या फेब्रुवारीतली गोष्ट. गावाजवळ बांजाचे जंगल होते. उद्यान खात्याला तिथे बटाट्याचे फार्म करायचे होते. बदल्यात गावाला पक्की सडक, शाळा, दवाखाना, वीज मिळणार होती. गावपंचायतीतल्या पुरुषांनी होकार दिला. बायांनी नाही म्हटले. जंगल गेले तर सरपण आणि चाऱ्यासाठी रोज मैलोगणती जास्तीची पायपीट कुणाच्या पायांनी होणार होती? घरात मारहाणीच्या धमक्या, गावात अपशब्द, अधिकाऱ्यांचा दबाव, सगळे झाले. बाया हटल्या नाहीत. जंगल राहिले. इथे बाहेरचा ठेकेदार नव्हता, परदेशी कंपनी नव्हती. समोर होते आपलेच नवरे, दीर, सरपंच आणि ‘विकास’ हा शब्द. आणि सडक-शाळा-दवाखाना या काही खोट्या गोष्टी नव्हेत; त्या गावाला हव्याच होत्या. प्रश्न होता की त्यांची किंमत कोण ठरवणार आणि कोण भरणार. या गावातल्या बायांनी पुढे वनपंचायतीत जागा मागितली. मिठी मारण्यापेक्षा हे मागणे पुढचे आहे, आणि म्हणूनच की काय, डुंगरी-पैंतोलीचे चित्र कुठल्या भिंतीवर दिसत नाही.

विद्वानांत यावर वाद झाले. वंदना शिवा यांनी १९८८ च्या ‘स्टेइंग अलाइव्ह’मध्ये स्त्री आणि प्रकृती यांचे नाते मांडले, चिपकोच्या बाया त्यांना त्या नात्याच्या प्रतिनिधी वाटल्या. रामचंद्र गुहा यांनी १९८९ च्या ‘द अनक्वाएट वुड्स’मध्ये चिपको हे शेतकऱ्यांच्या जुन्या लढ्यांचेच पुढचे पाऊल आहे असे दाखवले. मला गुहांची मांडणी अधिक पटते, तरी तीही पुरी पडत नाही. ‘शेतकरी’ म्हटले की डुंगरी-पैंतोलीतले भांडण दिसेनासे होते, कारण तिथे शेतकरी दोन्ही बाजूंना आहे. आणि शिवा यांच्या प्रकृतीचे काय करावे? स्त्री म्हणजे प्रकृती, शक्ती, माता ही भाषा आपल्याला नवी नाही. देव्हाऱ्यात बसवायचे आणि सातबाऱ्यावर नाव लावायचे नाही, ही इथल्या धर्माची जुनी रीत आहे. बाईला जंगलाची काळजी असते कारण जंगलाचे काम तिच्या डोक्यावर टाकलेले असते. तो भारा उद्या पुरुषाच्या डोक्यावर दिला तर त्यालाही काळजी लागेल.

आता १९८० च्याच मे महिन्यात येतो. डुंगरी-पैंतोलीच्या बायांनी जंगल वाचवले त्याला तीन महिने झाले होते. ९ मे १९८० रोजी अल्मोडा जिल्ह्यातल्या कफल्टा गावातून शिल्पकारांची वरात चालली होती. नवरा मुलगा पालखीत होता. सवर्णांच्या गावातून, देवळासमोरून पालखीत बसून जायचे नाही, उतरा, असे सांगण्यात आले. वरातीने ऐकले नाही. चौदा दलितांना मारण्यात आले. काहींना घरात कोंडून जाळले. पहाडातला हा डोला-पालखीचा प्रश्न जुना. जयानंद भारती यांनी त्यासाठी गढवालात १९२०-३० च्या काळात चळवळ केली होती. कफल्ट्याच्या खुन्यांना खालच्या न्यायालयांनी सोडून दिले. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा दिली तेव्हा १९९७ साल उजाडले होते. आणि नवऱ्या मुलाला उतरायला सांगणाऱ्यांत गावातल्या बायाही होत्या. इथेही ‘ही’ आला.

हे मी चिपकोच्या बायांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. रेणीच्या आदिवासी बायांचा कफल्ट्याशी काही संबंध नाही. पण त्याच पहाडात, त्याच वर्षी, एकाच समाजाची दोन कृत्ये आहेत, आणि चिपकोचा जो इतिहास पहाडी गावाला समतेचे, निसर्गाशी एकरूप झालेले घर म्हणून रंगवतो त्याने कफल्टा पुसूनच ते चित्र काढलेले असते. बाई म्हणून सोसलेल्या दुःखाने जातीचा डोळा आपोआप उघडत नाही. जातीच्या दुःखाने बाईचा प्रश्न आपोआप दिसू लागतो असेही नाही; आपल्या चळवळीचा अनुभव काढून पाहावा.

जिंकून मिळाले काय, तेही पाहू. १९७५ साली ठेकेदार हटवून वनविकास महामंडळ आले. झाड तोडणारा बदलला, ठरवणारा सरकारातच राहिला. १९८० ला केंद्राचा वनसंवर्धन कायदा झाला आणि त्याच सुमारास १००० मीटरच्या वर हिरवी झाडे तोडायला पंधरा वर्षे बंदी आली. १९८२ साली चंडीप्रसाद भट्टांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच १९८२ साली नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झाले आणि रेणी-लाताच्या लोकांना ज्या रानात मेंढ्या चारायची, जडीबुटी आणायची वहिवाट होती तिथे शिरायला मनाई झाली. जंगल ज्यांनी राखले त्यांनाच जंगलापासून राखले गेले. १९९८ मध्ये लाताच्या लोकांनी ‘झपटो-छीनो’ म्हणत बंदी मोडून उद्यानात प्रवेश केला. गौरादेवी ते पाहायला नव्हती. ती १९९१ ला गेली.

२००६ च्या वनहक्क कायद्याने प्रथमच कबूल केले की जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला. पट्टा नवराबायकोच्या संयुक्त नावे, समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया, अशा तरतुदी त्यात आहेत, आणि त्या रेणी-डुंगरीच्या बायांनी कमावलेल्या आहेत असे म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये या कायद्याने सामूहिक हक्क मिळाला. पण आदिवासी नसलेल्या वनवासी माणसाला तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा वास सिद्ध करावा लागतो. जंगलाच्या कडेला राहणारा दलित हा पुरावा कुठून आणणार? त्याच्या आजाला गावाच्या कागदावर नाव नव्हते. माझ्या मायच्या तीस वर्षांच्या मोळ्यांची नोंद कुठे असेल तर ती नाकेदाराच्या खिशात. वनहक्काचे दावे भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांनी म्हाताऱ्या बायांचे जबाब आत्ताच लिहून घ्यायला हवेत. कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून धरले आहेत.

रेणीचे पुढे असे झाले. गावाखाली ऋषिगंगेवर वीजप्रकल्प उभा राहिला. सुरुंगांच्या दणक्यांविरुद्ध गावकरी न्यायालयात गेले होते. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी वरून खडक आणि बर्फाचा कडा कोसळला, ऋषिगंगेला लोंढा आला, प्रकल्प वाहून गेला, खालचा तपोवनचा प्रकल्पही उद्‌ध्वस्त झाला. दोनशेहून जास्त माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्यांत बहुतेक मजूर होते. जूनच्या पावसात रेणीची जमीन खचली, रस्ता तुटला आणि गावातला गौरादेवीचा पुतळा उचलून जोशीमठला न्यावा लागला. प्रकल्पांच्या विरोधात रेणी आणि जोशीमठच्या पाच जणांनी उच्च न्यायालयात याचिका केली. हे खरोखरच सामाजिक कार्यकर्ते आहेत काय, अशी शंका घेऊन न्यायालयाने १४ जुलै २०२१ रोजी ती फेटाळली आणि प्रत्येकाला दहा हजार रुपये भरायला सांगितले.